शिबिरांची यादी छापता, तेव्हा एवढंही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपत आल्या की तुमच्या पेपरात उन्हाळी शिबिरांची यादी येते, मी ती गेली सहा वर्षं कापून ठेवतेय. नाव, पत्ता, वयोगट, तारखा, फी, फोन नंबर आणि मग काय काय शिकवणार त्याची लांबलचक रांग, पोहणं, चित्रकला, नाटक, रोबोटिक्स, कोडिंग, योगा, ट्रेकिंग, जादूचे प्रयोग. यादीचा उपयोग होतो, नाही असं नाही, दोन्ही मुलांसाठी आम्हाला शिबिर सापडलं ते तिथूनच, त्याबद्दल मनापासून आभार. पण दोन मुलांना इतके उन्हाळे दिवसभराच्या शिबिरांना पाठवल्यावर माझं आता पक्कं मत झालंय की या यादीत जे छापलं जातं त्यावरून शिबिर निवडूच नये. जे छापलं जात नाही त्यावरून निवडावं. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला दमा आहे, फार नाही, पण जोरात धावला किंवा धूळ उडाली की धाप लागते. फॉर्मवर सगळं लिहून दिलं होतं. पहिल्या दिवशी इन्हेलर म्हणजे त्याचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची नळी, एका पिशवीत घालून वर नाव लिहून ऑफिसमध्ये दिला, तिथल्या बाईंनी माझ्यासमोर तो कपाटात ठेवला, काळजी करू नका म्हणाल्या. मी निश्चिंत. चौथ्या दिवशी कागदकामाचा तास संपला आणि मुलांना मैदानावर न्यायचं होतं, पण मैदानावर आधीचा ग्रुप होता म्हणून यांना बाहेरच थांबवलं, आणि वीस-पंचवीस पोरं मोकळी सोडली तर ती काय करणार, पकडापकडी सुरू झाली. याला धाप लागली. त्याच्या ग्रुपच्या ताईला माहीतच नव्हतं की याला दमा आहे, कारण फॉर्म ऑफिसच्या फायलीत आणि तिच्या हातातल्या कागदावर नुसती नावं. ती बिचारी त्याला पाणी पाजत बसली, पाठ चोळत बसली. त्यानेच तिला सांगितलं, माझा पंप ऑफिसात आहे. कोणीतरी पळत गेलं तर कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे त्या बँकेत गेलेल्या.

शेवटी किल्ली आली, पफ घेतले, तो सावरला. मला फोन आला तेव्हा तो परत खेळायला लागला होता. पण मधे नक्की किती वेळ गेला हे मला आजपर्यंत कोणी नीट सांगितलेलं नाही, कोणी पाच मिनिटं म्हणालं, कोणी पंधरा.

त्या शिबिराचं नाव मी लिहीत नाही, आणि ती माणसं वाईट होती असंही मी म्हणणार नाही. ताई तर रडायलाच आली होती. पण त्या रात्री मी त्यांचं वेळापत्रक घेऊन बसले, छान रंगीत छापलेलं, प्रत्येक तासाचा एक चौकोन, आणि मला पहिल्यांदा लक्षात आलं की माझ्या मुलाला जे झालं ते यातल्या कुठल्याच चौकोनात झालेलं नाही. ते दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर झालं. तेव्हापासून मी शिबिर बघायला जाते ती ती रेघ बघायला जाते. ॲक्टिव्हिटी चालू असते तेव्हा शिकवणारा समोर उभा असतो, मुलं कामात असतात, सगळं ठीकच दिसतं. पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना, बाथरूमला जाताना, पाणी प्यायला, कपडे बदलायला, जेवण लवकर संपलं आणि पुढचा तास सुरू व्हायचाय तेव्हा, संध्याकाळी आईबाबा यायची वाट बघताना, त्या वेळी मुलाजवळ कोण आहे? पडणं, हरवणं, मारामारी, चिडवाचिडवी, माझ्या दोन्ही मुलांच्या बाबतीत जे काय झालं ते सगळं अशाच वेळात झालं. 

म्हणून माझी पहिली विनंती बाकी पालकांना, फॉर्म भरायच्या आधी शिबिर चालू असताना एकदा जाऊन बघा. आधीच्या बॅचचं बघा, हिवाळ्यात असेल तर ते बघा, काहीच चालू नसेल तर निदान तीच माणसं वर्षभर जे वर्ग घेतात ते बघा. आणि उद्घाटनाला किंवा शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमाला नका जाऊ, मधल्याच एखाद्या दिवशी तास बदलायच्या वेळेला जा. मागच्या वर्षी मी अशीच एका ठिकाणी गेले होते. चित्रकलेचा तास सुटला, मुलं हात धुवायला नळावर गेली. तिथे एक ताई होती, वीस-बावीस वर्षांची असेल. एका छोट्याच्या बुटाची नाडी सुटली होती, ती खाली बसून नाडी बांधत होती आणि बांधता बांधता मान वर करून ओठातल्या ओठात मोजत होती, एक दोन तीन चार, आठपर्यंत. सातच झाले. ती लगेच उठली, दुसऱ्या ताईला नुसतं नाव सांगितलं, ती आत गेली आणि टेबलाखाली पेन्सिल शोधत बसलेल्या एका मुलीला घेऊन आली. मग सगळे निघाले. पुढच्या खोलीच्या दारात परत मोजले. कोणी आरडाओरडा नाही, शिट्टी नाही. मी त्याच दिवशी नाव नोंदवलं, तिथे शिकवणार काय हे मी नंतर विचारलं.

आता ती आठ मुलं एका ताईकडे होती हे महत्त्वाचं आहे. अमेरिकेत १९१० साली सुरू झालेली अमेरिकन कॅम्प असोसिएशन म्हणून संस्था आहे, शिबिरं कशी चालवावीत याचे नियम ती ठरवते. दिवसाच्या शिबिरासाठी त्यांचं प्रमाण असं आहे की ४-५ वर्षांच्या सहा मुलांमागे एक मोठं माणूस, ६ ते ८ वर्षांच्या आठांमागे एक, ९ ते १४ च्या दहांमागे एक आणि १५ ते १८ च्या बारांमागे एक. हे काही आपल्यावर बंधनकारक नाही, पण डोक्यात एक आकडा असला की प्रश्न विचारता येतो. आणि विचारताना नीट विचारावं लागतं. 'तुमच्याकडे स्टाफ किती' असं विचारलं की ते ऑफिसवाले, ड्रायव्हर, स्वयंपाकाचे, झाडलोट करणारे सगळे धरून सांगतात. 'माझ्या मुलाच्या ग्रुपमध्ये मुलं किती आणि दिवसभर त्याच ग्रुपबरोबर राहणारं माणूस कोण' असं विचारायचं. दिवसभर त्याच ग्रुपबरोबर, हे शब्द सोडू नका. कारण बऱ्याच ठिकाणी चित्रकलेला चित्रकलेचे सर, नाचाला नाचाच्या मॅडम, आणि मधे कोणीच नाही. सर आपला तास संपला की निघाले, मॅडम अजून यायच्यात. आणि ती ताई जेवायला गेली, आजारी पडली तर तिच्या जागी कोण, हेही विचारा, याच्या उत्तरात बरंच काही कळतं.

त्या ताईच्या हातातल्या कागदावर काय लिहिलंय हेही विचारा. दमा, फिट्स, डायबिटीस, कशाचीतरी ॲलर्जी, हे फॉर्मवर लिहून घेतात सगळेच, पण ते ग्रुपबरोबर फिरणाऱ्या माणसापर्यंत पोचतं का? इन्हेलर किंवा ॲलर्जीचं तातडीचं इंजेक्शन ग्रुपबरोबर असलं पाहिजे, मुलगा मोठा असेल तर त्याच्या स्वतःच्या पिशवीत, लहान असेल तर ताईच्या खांद्याला लावलेल्या बॅगेत. कुलपात नाही. गोळ्या-औषधं कुलपात ठेवणं बरोबरच आहे, पण जे मिनिटात लागतं ते कुलपात ठेवायचं नसतं, एवढा साधा फरक पण मला तो अनुभवातून शिकावा लागला. आता मी पहिल्या दिवशी पाच मिनिटं थांबते आणि ताईला पंप कसा द्यायचा ते स्वतः दाखवते, आधी हलवायचा, स्पेसर लावायचा, एक पफ आणि सावकाश श्वास. एकीनेही आजवर कंटाळा केला नाही. 

पाण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण पोहणं असलं की शिबिर लगेच भरतं आणि पालक खोली किती, पाणी स्वच्छ आहे का एवढंच विचारतात. बुडणारं माणूस हात वर करून ओरडतं असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. बुडणाऱ्या मुलाला ओरडायला श्वासच नसतो, तोंड पाण्याच्या वरखाली होतं, हात पाणी खाली दाबायला जातात त्यामुळे हलवून बोलावताही येत नाही, आणि हे सगळं मिनिटाच्या आत, आवाज न करता होतं. बाजूला दहा जण खेळत असतात आणि कोणाला कळत नाही. म्हणून तिथे लाइफगार्ड पाहिजे आणि त्या वेळात त्याला दुसरं कुठलंही काम नको. पोहायला शिकवणारे सर हेच लाइफगार्ड, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, हे चालत नाही, कारण शिकवणारा माणूस ज्याला शिकवतोय त्याच्याकडे बघत असतो आणि त्याची पाठ बाकीच्यांकडे असते. लाइफगार्डच्या ट्रेनिंगमध्ये एक नियम शिकवतात, दहा सेकंदांत दिसलं पाहिजे आणि पुढच्या वीस सेकंदांत पोचलं पाहिजे. काठावर उभं राहून तुम्ही स्वतः बघा, तो माणूस बसलाय तिथून तळ दिसतो का, त्याच्या हातात मोबाईल आहे का. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला पोहायला लावून बघतात का आणि न येणाऱ्यांना वेगळ्या रंगाची पट्टी किंवा टोपी देतात का. चांगल्या ठिकाणी मुलांच्या जोड्या लावतात, मधेच शिट्टी झाली की दोघांनी एकमेकांचा हात धरून वर करायचा, एकटा हात दिसला की सगळं थांबतं. फुगवायचे दंडावरचे पट्टे म्हणजे सुरक्षा नाही, तो खेळ आहे, ते निसटतात. आणि काठावरच्या सगळ्या मोठ्यांना सीपीआर, म्हणजे श्वास आणि हृदय थांबलं तर छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, यायला पाहिजे, कारण मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही की चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते, तेवढ्यात ॲम्ब्युलन्स येईलच असं नाही. सर्टिफिकेट कधीचं आहे हेही विचारायला लाजू नका, त्याला मुदत असते.

पाण्याच्या बाबतीतही तीच रेघ आहे बघा. पोहण्याच्या तासाला सगळे डोळे पाण्यावर असतात, पण तास संपला, निम्मी मुलं कपडे बदलायला गेली, निम्मी अजून काठावर, तेव्हा दोन ठिकाणी माणसं लागतात. तिथेच कमी पडतात. 

उन्हाचंही तसंच. शाळा संपते आणि दुसऱ्या सोमवारी शिबिर सुरू, वर्षभर वर्गात पंख्याखाली बसलेली मुलं पहिल्याच दिवशी दोन-दोन तास मैदानावर. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस मैदान कमी, मग हळूहळू वाढवायचं, हे ज्यांच्या वेळापत्रकात दिसतं त्यांनी विचार केलाय असं समजा. सकाळी १० ते दुपारी ४ ऊन सगळ्यात कडक, त्या वेळात सावलीतलं काही ठेवलंय का? पाणी प्यायची वेळ ठरलेली आहे का, की 'तहान लागली की प्या'? खेळात रमलेल्या पोराला तहान लागलीय हे कळतच नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ९ ते १२ वर्षांच्या मुलांनी खेळताना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिली पाणी प्यावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, म्हणजे साधारण अर्धा ते एक ग्लास. आणि ताईला किंवा दादाला हे माहीत पाहिजे की मूल डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणालं तर सावलीत नेऊन पाणी द्यायचं, पण ते असंबद्ध बोलायला लागलं, नीट उत्तर देईना, झोकांड्या जायला लागल्या तर तो उष्माघात, मग घरी फोन करून आईची वाट बघत बसायचं नाही, ॲम्ब्युलन्सला फोन करायचा आणि त्याच क्षणी अंगावर गार पाणी ओतायला सुरुवात करायची. मी एका ठिकाणी विचारलं होतं, एखाद्या मुलाला ऊन लागलं तर काय करता, तर उत्तर आलं आमच्याकडे आजवर असं झालेलं नाही. मी तिथून उठले. 

आणखी एक विषय आहे जो विचारताना जीभ अडखळते, पण विचारायलाच पाहिजे. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं मोठं माणूस राहणार नाही असा नियम तुमच्याकडे आहे का, लहान मुलाला बाथरूमला कोण नेतं, कपडे बदलताना कोण असतं, कामावर घेताना माणसांची चौकशी करता का, आधी जिथे काम केलं तिथे फोन करता का. मला सुरुवातीला वाटायचं समोरच्याला राग येईल, आपण संशय घेतोय असं वाटेल. उलट अनुभव आला. ज्यांनी नियम केलेत ते हा प्रश्न आला की सरळ बसतात आणि सविस्तर सांगतात, कारण तो नियम त्यांच्या लोकांनाही सांभाळतो. जे हसण्यावारी नेतात, 'आमच्याकडे सगळं घरच्यासारखं आहे' म्हणतात, तिथे काही नियम नसतो. घरी मुलांनाही सांगून ठेवा की शिबिरातलं कुठलंही मोठं माणूस 'हे घरी सांगू नको' म्हणालं तर तेच आधी घरी सांगायचं. फोटोंचंही विचारा, ग्रुपवर रोज पन्नास फोटो टाकले की आपल्याला बरं वाटतं, पण ते सगळ्यांकडे जातात, आणि फोटो काढणारी ताई त्या वेळात मुलं मोजत नसते. संध्याकाळी मुलाला कोण नेणार त्यांची नावं लिहून घेतात का, आणि यादीत नसलेल्या माणसाला खरंच परत पाठवतात का. माझ्या सख्ख्या भावाला एकदा दारात अडवलं होतं, मला फोन करून विचारल्यावरच सोडलं, तो चिडला होता पण मला फार बरं वाटलं.

हे झालं लहानांचं. मोठ्या मुलांचं वेगळंच आहे आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाही. जाहिरातीत 'वयोगट ६ ते १५' असं लिहिलेलं दिसलं की आता मी पुढे वाचत नाही. थोरली चौदाची असताना मी चूक केली, तिला न विचारता तिचं नाव एका शिबिरात घातलं, मला वाटलं सुट्टीत नुसती मोबाईल घेऊन लोळण्यापेक्षा बरं. तिथे तिच्या वयाच्या तीन मुली, बाकी सगळी दुसरी-तिसरीतली. आठवडाभर तिने छोट्यांसाठी रंगीत कागद कापले. आणि शेवटचे दोन दिवस एक ताई आली नाही म्हणून दहा मुलं हिच्यावर सोपवून टाकली, चौदा वर्षांच्या मुलीवर. ते म्हणाले लीडरशिप शिकेल. लीडरशिप अशी शिकवत नाहीत. मोठ्या मुलांनी लहानांबरोबर काम करणं ही चांगली गोष्ट आहे, पण त्यांना आधी शिकवावं लागतं आणि बरोबर एक मोठं माणूस कायम लागतं. ज्या ठिकाणी असं 'ज्युनियर ताई-दादा' म्हणून घेतात तिथे विचारा, ट्रेनिंग किती दिवसांचं, आणि यांची गणती स्टाफमध्ये करता का. करत असतील तर ते फुकटात माणसं मिळवतायत आणि लहान मुलांच्या पालकांना आकडा चुकीचा सांगतायत.

पुढच्या वर्षी मी तिच्यासमोर यादी ठेवली आणि तू ठरव म्हटलं. ती दोन दिवस काही बोलली नाही, मग तिने नाटकाचं एक छोटं शिबिर निवडलं, अकराच मुलं, सगळी तेरा ते सतरातली. मला वाटलं हिला स्टेजवर जायचंय. तर ही बॅकस्टेजला, लाइट्सवर. तिसऱ्या दिवशी घरी आली आणि कपड्यांच्या इस्त्रीची वायर घेऊन बसली, मला दाखवायला लागली की केबल कशी गुंडाळायची, कोपराला गुंडाळायची नाही, आतल्या तारा पिळतात, एक वेटोळं सरळ घ्यायचं आणि पुढचं मनगट उलटं फिरवून आतून घ्यायचं, एक सरळ एक उलटं, मग फेकली की गाठ न पडता सुटते. तिने फेकून दाखवली, खरंच सुटली. वर्षभरात ती मला इतकं सलग काही बोलली नव्हती. त्या शिबिराच्या जाहिरातीत फक्त नाटक एवढाच शब्द होता. 

या वयाच्या मुलांना निवडू द्या, निदान दोन-तीन पर्यायांतून. आणि वेळही बघा, १३ ते १८ च्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते आणि वयात येताना त्यांची झोपेची वेळच पुढे सरकते, ती आळशी नसतात, रात्री लवकर झोप येतच नाही. सकाळी सहाला उठवून नेलेलं पोर दहा वाजेपर्यंत अर्धं झोपेतच असतं. मोबाईलचा नियम काय आहे तेही आधीच मुलाच्या देखत विचारा, सगळ्यांचे फोन जमा होत असतील तर ती तक्रार करत नाहीत, काहींचे होतात काहींचे नाही तिथे कटकट होते. मधल्या वेळात ही मोठी मुलं कुठे बसतात, हे माझं नेहमीचंच, कारण या वयातली चिडवाचिडवी मोठ्यांसमोर होत नाही, कोपऱ्यात होते, बरोबरच्यांनी एखादीला हळूच बाजूला टाकणं होतं, आणि ते ओळखायला जवळ वावरणारं, त्यांना आवडणारं एखादं मोठं माणूस लागतं.

कोडिंग आणि रोबोटिक्सबद्दल थोडंच लिहिते, कारण सगळ्यात जास्त फी हल्ली तिथे. वाईट आहे असं नाही. पण पाठवायच्या आधी मागच्या बॅचच्या मुलांनी काय बनवलं ते बघायला मागा. मी एका ठिकाणी शेवटच्या दिवशी गेले होते, वीस कॉम्प्युटर, वीसही स्क्रीनवर तीच मांजर, तोच चक्रव्यूह, तेच रंग. म्हणजे सरांनी सांगितलं तसंच सगळ्यांनी केलं. ते स्क्रॅच होतं, मुलांना ठोकळे जोडून प्रोग्रॅम करता येतात असं सॉफ्टवेअर, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००७ साली काढलेलं, ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी, आणि ते फुकट आहे, कोणालाही घरी वापरता येतं. मग पैसे कशाचे द्यायचे, तर शेजारी बसून 'तुला काय बनवायचंय' विचारणाऱ्या आणि अडलं की उत्तर न देता थांबणाऱ्या माणसाचे. ते माणूस तिथे आहे का एवढंच बघायचं. आणि दिवसभर बसूनच राहणार असतील तर तेही विचारा, ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी धावपळीची हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, सुट्टीत तर जास्तच व्हायला हवी.

दहा ॲक्टिव्हिटी असलेलं शिबिर चांगलं आणि तीनवालं कमी, असं माझंही आधी गणित होतं, पैसे वसूल झाले पाहिजेत ना. पण दहा ॲक्टिव्हिटी म्हणजे दहा वेळा इकडून तिकडे नेणं, दहा वेळा रांग, आणि मूल कशातही पुरतं शिरत नाही. जिथे दुपारचा एक तास मुद्दाम मोकळा ठेवलाय, मुलांनी मुलांचं काय ते करायचं आणि ताया बाजूला बसून लक्ष ठेवणार, अशी जागा मिळाली तर सोडू नका. मोकळा वेळ आणि बेवारस वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाहेरून सारख्याच दिसतात, फरक फक्त बाजूला कोण बसलंय याचा.

मूल शिबिराला जायला लागलं की पहिल्या आठवड्यात 'मजा आली का' विचारू नका, हो म्हणून मोकळं होतं. मी विचारते, आज जेवताना शेजारी कोण होतं, बाथरूमला जायचं असेल तर कोणाला सांगता, कोणाला रडू आलं का आणि मग ताईने काय केलं. ताईचं नाव विचारा. तिसऱ्या दिवशीही मुलाला आपल्या ताईचं नाव सांगता आलं नाही तर जाऊन भेटा. पहिले एक-दोन दिवस रडारड होणं ठीक आहे, नवीन जागा आहे, पण चौथ्या-पाचव्या दिवशीही सकाळी पोट दुखत असेल तर फी भरलीय म्हणून ढकलू नका, आम्ही एकदा ढकललं होतं, तेव्हा कळलं की रांगेत एक मोठा मुलगा धाकट्याला रोज मागून ढकलायचा. रांगेतच.

हे सगळं मी आता प्रत्येक ठिकाणी फोन करून विचारते, दर वर्षी पंधरा-वीस फोन होतात. दोघंही नोकरी करणारे आईबाप आहेत, एकट्याने मूल सांभाळणारे आहेत, कोणाच्या घरी आजारपण आहे, प्रत्येकाला इतके फोन आणि फेऱ्या कुठून जमणार? ते तुमच्या यादीवरच अवलंबून असतात. म्हणून तुम्हाला विनंती अशी की यादीसाठी शिबिरवाल्यांकडून माहिती मागवता त्या फॉर्ममध्ये फक्त पाच प्रश्न वाढवा. एका ग्रुपमध्ये मुलं किती आणि त्यांच्याबरोबर दिवसभर राहणारं माणूस किती वर्षांचं. प्रथमोपचार आणि सीपीआर शिकलेली किती माणसं रोज हजर असतात. पोहणं असेल तर शिकवणाऱ्याशिवाय वेगळा लाइफगार्ड आहे का. इन्हेलरसारखं तातडीचं औषध कुठे ठेवता. आणि पालकांना शिबिर चालू असताना न कळवता येऊन बघता येतं का. फीच्या रकान्याशेजारी ही पाच उत्तरं बारीक अक्षरात छापा, ज्यांनी उत्तर दिलं नसेल त्यांचा रकाना मोकळा ठेवा, नाव वगळू नका. जागा कमी पडत असेल तर ॲक्टिव्हिटींची नावं कमी करा, ती त्यांच्या जाहिरातीत असतातच.

आणि शक्य असेल तर यादी या वर्षी पंधरा दिवस आधी छापा. आत्ता ती येते तेव्हा निम्म्या ठिकाणी जागा भरलेल्या असतात आणि जाऊन बघायला वेळच उरत नाही.

आपली,
दोन मुलांची आई आणि तुमची जुनी वाचक